सिस्टरचे मन कोण सांभाळणार?

थंडीचे दिवस होते. ऊसतोडीला गेलेल्यांमुळे गावे अर्धी रिकामी झाली होती, पण बाळंतपणाच्या कळा काही कारखान्याचा हंगाम बघून येत नाहीत. आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकच परिचारिका होती. वय २३. जीएनएम होऊन जेमतेम वर्ष झालेले, नोकरी कंत्राटी. वॉर्डात ११ पेशंट, प्रसूतीगृहात एक पहिलटकरीण. रात्री दीडच्या सुमारास कीटकनाशक प्यालेला एक शेतकरी आला. नळी टाकणे, पोट धुणे, सलाईन लावणे, १०८ ला फोन करणे, केस पेपर भरणे, सगळे डॉक्टरांबरोबर तिनेच केले. रुग्णवाहिका जालन्याकडे निघाली आणि थोड्याच वेळात निरोप आला, माणूस वाटेतच गेला.

तेवढ्यात प्रसूतीगृहातून किंकाळी आली. ही मुलगी आत गेली, त्या बाईच्या मांडीवर चापट मारली आणि बोलू नये ते बोलली. बाळंतपण सुखरूप झाले. सकाळी ओव्हर घ्यायला आम्ही गेलो तेव्हा ती स्टोअररूममध्ये कापसाच्या गठ्ठ्यावर बसून रडत होती. म्हणाली, "ताई, मला नाही जमायलं. मी आजच राजीनामा देते."

ती मुलगी आपल्या समाजाची. जिला तिने मारले ती बाईही आपल्याच वस्तीतली.

आम्ही त्या मुलीला काय सांगितले? खरे लिहायचे तर धड काहीच सांगता आले नाही. "होतं असं, सवय होईल," एवढेच म्हणालो. आमच्याही वरिष्ठांनी आम्हाला हेच सांगितले होते. आज वॉर्डाबाहेर पडून परिचारिकांच्या प्रश्नांवर काम करताना वाटते, की आमच्या पेशातले सगळ्यात घातक वाक्य हेच. कशाची सवय होईल? मरण बघण्याची, की गरीब बाईच्या अंगावर हात टाकण्याची?

या महिन्याच्या आरोग्य पानावर त्यामुळे बीपी-शुगरऐवजी परिचारिकेच्या मनाविषयी लिहीत आहोत. हा विषय फक्त परिचारिकांचा नाही. दवाखान्यात आपल्या घरचा माणूस आडवा असतो तेव्हा २४ तास त्याच्याजवळ तीच असते. तिचे मन ठिकाणावर नसेल तर त्याची किंमत आपणच मोजतो.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय?

हा शब्द हल्ली प्रशिक्षणांत फार ऐकू येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना शास्त्रीय रूपात मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. सॅलोवे आणि मेयर यांनी पुढे तिचे चार भाग सांगितले. आम्ही ते वॉर्डाच्या भाषेत सांगतो.

पहिला भाग, भावना ओळखणे. पेशंट "काही नाही सिस्टर, बरं आहे" म्हणतो, पण चादरीची कड मुठीत आवळून धरतो. ते दिसले पाहिजे. त्याचबरोबर स्वतःच्या जबड्याला आलेला ताठपणाही कळला पाहिजे.

दुसरा भाग, भावनेचा कामासाठी उपयोग करणे. थोडी भीती वाटली तर आपण इन्जेक्शनचे नाव दोनदा वाचतो. ही भीती चांगली.

तिसरा भाग, भावनेचे मूळ समजणे. नातेवाईक आरडाओरडा करतो तेव्हा तो बहुतेक वेळा आपल्यावर रागावलेला नसतो. खिशात पैसे नाहीत, बाप वाचेल की नाही माहीत नाही, कोणी नीट सांगत नाही, ही भीती रागाचे कपडे घालून येते.

चौथा भाग, भावना सांभाळणे. सांभाळणे म्हणजे गिळणे नव्हे. राग आला हे कळूनही हात न उगारणे आणि नंतर तो राग योग्य माणसापुढे योग्य शब्दांत मांडणे, याला सांभाळणे म्हणतात.

आमच्या त्या मुलीचे त्या रात्री काय चुकले, ते आता नीट दिसते. ती निर्दय नव्हती. अर्ध्या तासापूर्वी एका माणसाचा जीव हातातून निसटला होता. त्याचे दुःख, भीती आणि अपराधीपणा तिच्या अंगात तसाच साचला होता. त्याला नाव द्यायला तिला दोन मिनिटेही मिळाली नाहीत. मग तो सगळ्यात कमजोर माणसावर निघाला. पाण्याला उतार मिळतो तसा रागाला गरीब सापडतो. जिच्यामागे बोलणारा नवरा, पुढारी किंवा ओळखीचा डॉक्टर असतो, तिच्यावर कोणी हात उचलत नाही, हे आम्ही अनेक वर्षे पाहिले आहे.

प्रसूतीगृहात बाईशी आदराने वागावे, ही आता नुसती सदिच्छा राहिलेली नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूती सेवा हा दर्जाचा भाग धरला आहे. आपल्या लेकी-सुनांना हे माहीत असले पाहिजे.

तथागतांनी केलेली शुश्रूषा

ही गोष्ट आपल्याला परदेशी पुस्तकातूनच शिकावी लागते असे मात्र नाही. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे आणि बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये तो घेतला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहाराची पाहणी करत तिथे पोहोचले. तुझी देखभाल कोणी का करत नाही, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलले आणि खाटेवर निजवले.

त्यानंतर त्यांनी संघाला एकत्र बोलावले. तुमची काळजी घ्यायला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही ते म्हणाले.

याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पेशंटला काय मानवते आणि काय नाही हे ओळखून त्याप्रमाणे वागता आले पाहिजे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या चित्ताने सेवा केली पाहिजे. मल, मूत्र, थुंकी, उलटी उचलताना त्याला किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी चार चांगल्या शब्दांनी आजाऱ्याचे मन उभारता आले पाहिजे. नीट बघा, पहिले दोन गुण हाताचे आणि ज्ञानाचे आहेत, पुढचे तीन मनाचे. आमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोहोंवर जाडजूड पुस्तके असतात. उरलेले तीन शिकवायला फारसे कोणी बसत नाही.

या प्रसंगातली आणखी एक बाजू आम्हाला महत्त्वाची वाटते. तथागतांनी त्या एका भिक्खूला धुतले आणि ते निघून गेले, असे झाले नाही. त्यांनी संघाला जाब विचारला. आजाऱ्याची जबाबदारी एका दयाळू माणसाची नाही, ती व्यवस्थेची आहे, हे त्यांनी दाखवून दिले. या मुद्द्यावर आपण पुढे परत येऊ.

बांधिलकी तीन तऱ्हेची

"हल्लीच्या सिस्टर टिकत नाहीत," अशी तक्रार जालन्यातले दवाखानेवाले करतात. मुली शिकतात, सहा महिने काढतात आणि संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठतात. त्यांना कामाची बांधिलकी नाही, असे म्हटले जाते.

बांधिलकीचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातले जॉन मेयर (हे वरचे मेयर नव्हेत) आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये मांडले की माणूस नोकरीला तीन कारणांनी बांधला जातो. एक, मनापासून वाटते म्हणून. हा माझा वॉर्ड आहे, ही माझी माणसे आहेत, असे वाटते. दोन, सोडणे परवडत नाही म्हणून. शिक्षणाचे कर्ज फिटायचे असते, बाँड असतो, दुसरीकडे जागा नसते. तीन, सोडणे बरोबर नाही असे वाटते म्हणून. ज्यांनी शिकवले, संधी दिली, त्यांचे देणे लागतो ही भावना असते.

तिघीही सकाळी आठला हजर होतात. हजेरीपटावर फरक दिसत नाही, खाटेजवळ दिसतो. फक्त गरजेपोटी बांधलेली परिचारिका नेमून दिलेले काम करते आणि घड्याळाकडे बघते. तिला दोष देऊ नका. तिच्या पगारात घर चालते आणि त्या घराला तिच्या मनस्थितीशी देणेघेणे नसते. मनापासून बांधलेली परिचारिका मात्र ड्यूटी संपल्यावरही मागे वळून विचारते, सात नंबरच्या आजींनी काही खाल्ले का?

भावनिक समज आणि बांधिलकी यांचे नाते इथे येते. ज्या परिचारिकेला स्वतःचे मन वाचता येते ती पेशंटच्या रागाने लगेच मोडत नाही, सहकाऱ्यांशी तिचे संबंध बरे राहतात, कामातला अर्थ तिला दिसत राहतो आणि ती टिकते. जिला ते जमत नाही ती हळूहळू करपत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या करपण्याची नोंद केली. तिथे तो आजार म्हणून नव्हे, तर सांभाळता न आलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदला आहे. त्याच्या तीन खुणा आहेत: अंगातली शक्ती संपणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. "सवय झाली" म्हणतात ती बऱ्याचदा यातली दुसरी खूण असते.

केईएमच्या भगिनींचे उदाहरण

मनाची बांधिलकी काय असते याचे महाराष्ट्रातले सर्वात मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडले. अरुणा शानबाग या तिथल्या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला. मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांना भरवले, धुतले, कुशीवर वळवले. ज्या मुली अरुणाताई आजारी पडल्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांनीही ही ड्यूटी आपली मानली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा नैतिक अधिकार बाहेरच्या व्यक्तीचा नसून इतकी वर्षे सांभाळणाऱ्या या कर्मचाऱ्यांचा आहे, असे मानले. इतकी वर्षे पडून असलेल्या त्या देहाला शय्याव्रण झाले नाहीत. शय्याव्रण न होऊ देणे म्हणजे काय कष्ट असतात, ते ज्याने घरचा अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे त्याला विचारा.

ही कथा सांगताना लोक अर्धीच सांगतात. "बघा, कशी सेवा केली," म्हणतात आणि थांबतात. या परिचारिका नुसत्या सेवा करत बसल्या नव्हत्या. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणाताईंची नीट सोय व्हावी आणि स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशा मागण्या केल्या. पुढे १९८० च्या दशकात खाट रिकामी करण्यासाठी अरुणाताईंना दुसरीकडे हलवण्याचे दोन प्रयत्न झाले, तेव्हाही परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. मैत्री आणि संघर्ष या दोन्ही गोष्टी त्याच हातांनी केल्या.

आपल्या सावित्रीमाईंचेही असेच. १८९७ च्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच माईंनी त्याआधी जवळजवळ अर्धशतक शेण-दगड झेलत व्यवस्थेशी लढा दिला होता. त्यांच्या सेवेचा फोटो लावायचा आणि लढा विसरायचा, हे आपल्याला चालणार नाही.

मन आवरा, पण जागा कोण भरणार?

आता संघाला जाब विचारण्याच्या मुद्द्याकडे येऊ.

अलीकडे ताणतणाव व्यवस्थापनाची शिबिरे होतात. एखादे व्याख्याते येतात, डोळे मिटायला लावतात, हसायला सांगतात, चहा-बिस्किट होते. शिबिर संपल्यावर तीच परिचारिका एकटीच नाईटला जाते. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच दाखवून दिले की कामावर चेहरा हसरा ठेवणे, आवाज मऊ ठेवणे हेसुद्धा श्रम आहेत. मन मारून हसण्याला घाम येत नाही म्हणून त्याची मजुरी कोणी धरत नाही, एवढाच फरक.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे मानक असे आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ खाटांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. हे प्रमाण तिन्ही पाळ्यांचे मिळून धरले तरी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला ६ आणि रजेच्या जादा धरून जवळपास ८ जणी लागतात. म्हणजे कोणत्याही पाळीला एकटी मुलगी असण्याचे कारण नाही. आपल्या जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिकवणारे रुग्णालय म्हटले की ३ खाटांमागे १ हे प्रमाण लागू होते. डॉक्टरांच्या जागांविषयी बातम्या येतात, तशा परिचारिकांच्या जागांविषयीही आपण विचारले पाहिजे.

नोकरीच्या स्वरूपाचेही तसेच. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या होत्या. संस्था मुलीला सहा-अकरा महिन्यांचा कागद देते आणि तिच्याकडून आयुष्यभराची बांधिलकी मागते, हा कसला हिशेब? खासगीत तर पगाराचे बोलायलाच नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे. आपल्या ओळखीच्या खासगी दवाखान्यातल्या मुलीला तिचा पगार विचारा आणि हा आकडा शेजारी ठेवा.

याखेरीज जात आहे. नवीन मुलगी रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात आडनाव, गाव, कोणत्या कॉलेजातून आली असे विचारत विचारत नेमके काय शोधले जाते, ते आपल्याला माहीत आहे. किडे पडलेल्या जखमेचे ड्रेसिंग, बेवारस पेशंटची स्वच्छता या कामांना नेहमी त्याच दोन-तीन मुलींची नावे निघतात. "तुम्हाला सवय असेल," असे हसत म्हटले जाते. आमच्याही वाट्याला हे वाक्य आले आहे. शुश्रूषेत किळस नसावी, हे तथागतांनी सांगितले ते सगळ्यांना सांगितले. ठरावीक आडनावांपुरते ते सांगितलेले नाही.

अशा वेळी "तू भावनिकदृष्ट्या कमकुवत आहेस, मनावर घेऊ नकोस" असा सल्ला मिळाला तर तो उलटा परत करावा. उपेक्खा म्हणजे मनाचा तोल. अपमान मुकाट्याने सोसणे म्हणजे उपेक्खा नव्हे. तोल राखून तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवता येतात आणि लेखी तक्रार करता येते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. कामकरी बाईच्या दुःखावर त्यांनी धीराचे शब्द सांगून भागवले नाही, त्यासाठी कायदा मागितला.

काय करता येईल?

परिचारिका भगिनींसाठी:

१. हात धुण्याची वेळ मनासाठी वापरा. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. प्रत्येक पेशंटनंतर ते करायचेच असते. तेवढा वेळ श्वासाकडे लक्ष द्या आणि मनातल्या मनात भावनेला नाव द्या: "राग आहे", "भीती आहे". चित्ताकडे असे बघणे ही आपल्याच धम्माची शिकवण आहे. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

२. मृत्यूनंतर थेट पुढच्या खाटेकडे जाऊ नका. शक्य असेल तर दोन मिनिटे सहकाऱ्याशी बोला. कोणी नसेल तर पाणी प्या, तोंड धुवा, मग जा.

३. प्रसूतीगृहात दोन वाक्ये पाठ ठेवा: "मी इथेच आहे" आणि "कळ आली की मला सांगा". थकलेल्या मेंदूला ऐनवेळी चांगले शब्द सुचत नाहीत, म्हणून ते आधीच तयार हवेत.

४. ओव्हर देताना शेवटी एक वाक्य स्वतःविषयी बोला: "आज मला जड गेलं."

५. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप लागत नसेल, रडू येत असेल, कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, तर मदत घ्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

६. कायदे माहीत असू द्या. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो परिचारिकांनाही लागू आहे. लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यावी. दवाखान्यात १० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

इनचार्ज सिस्टर आणि अधिसेविका भगिनींसाठी: ज्युनिअरला पेशंटसमोर ओरडू नका. नाईट आणि अवघड कामे फिरती ठेवा, वाटपाचा तक्ता भिंतीवर लावा. जागा रिकाम्या असतील तर दर महिन्याला लेखी कळवा. तुम्ही सोसलेत म्हणून तिनेही सोसावे, हा न्याय नव्हे.

पेशंट आणि नातेवाईकांसाठी: महावग्गात शुश्रूषा करायला अवघड असलेल्या पेशंटचीही लक्षणे सांगितली आहेत. जो पथ्य पाळत नाही, त्याचे प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, आपला त्रास खरा सांगत नाही आणि दुखणे सोसत नाही, तो अवघड. म्हणून काय खाल्ले, काय प्यालो, आधी कुठे दाखवले, बाबा-बुवाकडे जाऊन काय घेतले, ते परिचारिकेला खरे सांगा. खाटेजवळ एकच नातेवाईक थांबा. औषध-सलाईनविषयी शंका असेल तर विचारा, तो तुमचा हक्क आहे. शिवी देऊ नका. आणि परिचारिकेने हात उगारला किंवा अपमान केला तर गप्पही बसू नका, वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

विहार समित्यांसाठी: १२ मे हा परिचारिका दिन असतो. त्या दिवशी शाल-श्रीफळाऐवजी आपल्या गावच्या, वस्तीच्या परिचारिकांना विहारात बोलवा, तासभर ऐकून घ्या. ड्यूटी किती तासांची, पगार किती, रात्री घरी कशा येता, लहान मूल कोणाकडे असते, एवढे चार प्रश्न पुरे आहेत. ज्या गोष्टी समितीला सोडवता येतील त्या सोडवा, बाकीच्यांचे निवेदन जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. वर्षावासात धम्मप्रवचनांबरोबर एक रविवार यासाठी ठेवता येईल.

त्या मुलीचे पुढे काय झाले?

त्या सकाळी तिने राजीनामा दिला नाही. तोंड धुतले आणि घरी जाण्याआधी प्रसूती वॉर्डात गेली. आम्ही मागे उभे होतो. ती त्या बाईला म्हणाली, "रात्री माझा हात उठला. माझं चुकलं, बाई." बाई काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवले. शेजारी बसलेली सासू मात्र म्हणाली, "तू बी लेकरूच हाईस माय. पर तिला लागलं ना."

माफी मागितली म्हणून माफ केलेच पाहिजे असे नसते. ते त्या बाईने बरोबर केले, असे आम्हाला वाटते. मुलगी त्यानंतर दोन दिवस रोज तिच्याकडे जाऊन बीपी बघत होती, बाळाला पाजायला मदत करत होती. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाला. जाताना बाईने बाळ तिच्या हातात दिले, पिशवी आवरून होईपर्यंत.

पुढे दीड वर्ष ती तिथे राहिली. प्रसूतीगृहातून तिचा वरचा आवाज कधी ऐकू आला नाही. आजूबाजूच्या गावांतल्या बाया तिची ड्यूटी विचारून यायच्या. मग कंत्राट संपले आणि पुढचा आदेश आला नाही. आता ती पुण्यात एका खासगी दवाखान्यात आहे. सणाला गावी येते तेव्हा भेटते. गेल्या वेळी विचारत होती, "ताई, आपल्याकडं भरती निघणार हाय का? मला परत यायचंय."

तिच्याकडे बांधिलकी होती, समजही आली होती. जालना जिल्ह्याने तिला जागा दिली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकट्याने देऊ शकत नाही. येत्या पौर्णिमेला विहारात हा लेख वाचला गेला तर तिथे बसलेल्यांनी तो प्रश्न आपापल्या तालुक्यात विचारावा, एवढी विनंती आहे: आपल्या रुग्णालयात परिचारिकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? माहितीच्या अधिकारात हे विचारायला १० रुपये लागतात.

जय भीम. नमो बुद्धाय.